एकच मोठा फ्रिज, की छोटा फ्रिज आणि वेगळा डीप फ्रीझर?

रानजाई

गेल्या गुरुवारी पहाटे पाणी प्यायला उठले तर पायाखाली ओलं लागलं. फ्रिजखालून निघालेला ओघळ ओट्यापर्यंत पोचला होता. दुपारी मेकॅनिक आला. कॉम्प्रेसर चालू होता, पण गारवा नाही. गॅस गेलाय म्हणाला, आणि गळती आतल्या भिंतीत फोमच्या आड आहे, तिथे हात पोचत नाही. सतरा वर्षं चालला आमचा फ्रिज. मुलं त्याच्या दारावर चुंबकाची अक्षरं लावत मोठी झाली. आता दुरुस्तीत अर्थ नाही.

फ्रीझरमधलं सगळं सामान सध्या तीन शेजाऱ्यांकडे वाटून ठेवलंय. त्यांच्याही फ्रीझरला जागा नसते, त्यामुळे लवकर निर्णय घ्यायला हवा.

आम्ही पुण्यात राहतो. घरात पाच जण: मी, नवरा, दोन मुलं आणि सासूबाई. सासूबाई देवरुखकडच्या. आमच्याकडे फ्रीझर म्हणजे कोठीची खोली आहे. आत्ता एप्रिलात गावाहून ओले काजूगर येतात. मे महिन्यात हापूसचा रस काढून ठेवतो. जूनमध्ये मासेमारी बंद व्हायच्या आत सुरमई आणि कोळंबी भरतो. जानेवारीत मटार. शिवाय खवलेलं खोबरं बारा महिने. जुना फ्रिज ३१० लिटरचा डबल डोअर होता. वरचा भाग इतका गच्च असायचा की दार ढकलून लावावं लागे, आणि खाली भाजीचा ड्रॉवर सोडला तर दोन कप्पे रिकामे.

समोर दोन पर्याय आहेत.

पहिला, एकच मोठा घ्यायचा. ४५० लिटरच्या पुढचा, खाली फ्रीझर असलेला किंवा साइड बाय साइड (शेजारी-शेजारी दोन उभी दारं, एकीकडे फ्रीझर, एकीकडे फ्रिज).

दुसरा, २५० लिटरच्या आसपासचा साधा डबल डोअर, आणि सोबत १०० लिटरचा वरून उघडणारा डीप फ्रीझर. तो ड्राय बाल्कनीत ठेवायचा विचार आहे. बाल्कनी पश्चिमेला आहे.

बजेट ६० हजार. दुकानात गेले तर तिथला माणूस साइड बाय साइडच्या पुढे सरकेचना. ज्यांनी दोन्ही वापरलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

खवणी

अगं रानजाई, डोळे मिटून वेगळा फ्रीझर घे. माझ्याकडे आठ वर्षं आहे, १०० लिटरचाच. आमचं गाव मालवणजवळ, आणि मी ठाण्यात. तू जी यादी दिलीस ती वाचून माझंच घर डोळ्यांसमोर आलं.

एक सांगते. कोळंबी सोलायची, पाठीतला काळा धागा काढायचा, धुवायची, आणि चपट्या डब्यात एका वेळेपुरती घालून वर ती बुडेल एवढं पाणी ओतायचं. मीठ-हळद काही नाही. गोठली की डब्यातून वीट काढायची, पिशवीत घालायची, डबा पुढच्या खेपेला मोकळा. पाण्यात गोठलेल्या कोळंबीला हवा लागत नाही, म्हणून ती वाळत नाही. श्रावण संपल्यावर काढलीस तरी आमटीत ताज्यासारखी लागते. फ्रिजच्या वरच्या कप्प्यात हेच करायचे तेव्हा विटा ठेवायला जागाच नसे, मग कोंबून ठेवायचे आणि दोन-दोन दिवस मध्ये मऊ राहायच्या.

बांगडा मात्र साठवू नकोस. तेलकट मासा आहे, दोन-तीन महिन्यांनी खवट वास येतो, कुठल्याही फ्रीझरमध्ये ठेव.

वहिवाट

मी दुसऱ्या बाजूने लिहिते. आम्ही दादरला राहतो, मासळीबाजार चालत दहा मिनिटांवर. पाच वर्षांपूर्वी आम्हीही १५० लिटरचा डीप फ्रीझर घेतला होता. पहिल्या वर्षी हौसेने भरला. मग तळाशी काय आहे हे कळेनासं झालं. एकदा बर्फ काढायला रिकामा केला तेव्हा दोन वर्षांपूर्वीची मेथी, कधीचं तरी चिकन आणि चार पाकिटं अशी निघाली की उघडल्याशिवाय ओळखू येईनात. सगळं टाकून देताना फार वाईट वाटलं. अन्न टाकायची सवय नाही आपल्याला.

फ्रीझर विकला आणि खाली फ्रीझर असलेला मोठा फ्रिज घेतला. भाज्या, दूध, उरलेलं, सगळं डोळ्यांच्या उंचीवर दिसतं. रोज जे वीस वेळा उघडतो त्यासाठी वाकावं लागत नाही. फ्रीझरला तीन ड्रॉवर आहेत, आम्हा चौघांना पुरतात. त्यामुळे रानजाई, आधी बघा की तुमचं साठवणं खरंच वर्षभर वापरात येतं का.

तारयंत्र

तीस वर्षं रेफ्रिजरेशनच्या कामात होतो, आता निवृत्त आहे. थोडं लांब लिहितो.

फ्रॉस्ट फ्री, म्हणजे बर्फ आपोआप वितळवणाऱ्या, डबल डोअर फ्रिजमध्ये गार करणारी कॉइल बहुतेक वेळा एकच असते, फ्रीझरच्या मागच्या भिंतीआड. पंखा तिची गार हवा फ्रीझरमध्ये फिरवतो आणि डॅम्पर नावाच्या झडपेतून थोडी हवा खालच्या भागात सोडतो. म्हणजे खालचा फ्रिज फ्रीझरच्या उसन्या हवेवर चालतो. म्हणूनच कापलेल्या कांद्याचा वास बर्फाला लागतो. काही महागड्या मॉडेलमध्ये दोन्ही भागांना वेगळ्या कॉइल असतात, तिथे हा प्रश्न येत नाही.

आता कॉइलवर बर्फ साठतो. तो वितळवायला आत एक हीटर असतो, तो ठरावीक काळाने चालू होतो. तेवढ्या वेळात फ्रीझरचं तापमान काही अंशांनी वर जातं आणि पुन्हा खाली येतं. आठवड्याभरात संपणाऱ्या सामानाला याने काहीही होत नाही. पण जानेवारीत ठेवलेल्या मटारवर हे शेकडो वेळा घडतं. दर वेळी दाण्यातलं थोडं पाणी बाहेर पडतं आणि पाकिटाच्या आतल्या बाजूला जाऊन गोठतं. पाकिटात जो भुरभुरीत बर्फ दिसतो तो बाहेरून आलेला नाही, ते त्या मटाराचंच पाणी आहे. त्यात पंख्याची कोरडी हवा सतत फिरत असते, ती उघड्या राहिलेल्या वस्तू वाळवते.

वरून उघडणाऱ्या साध्या डीप फ्रीझरमध्ये पंखाही नाही आणि हीटरही नाही. कॉइल भिंतींमध्ये गुंडाळलेली असते. झाकण उघडलं तरी गार हवा जड असल्यामुळे खालीच बसते. तापमान उणे १८ च्या आसपास स्थिर राहतं. त्याची किंमत म्हणजे बर्फ हाताने काढावा लागतो. पाच-सहा मिलिमीटर थर झाला की बंद करून, झाकण उघडं ठेवून वितळू द्यायचा. वर्षातून दोनदा पुरतं.

ताऱ्यांबद्दलही लिहितो, कारण त्यात गफलत होते. दाराच्या लेबलवरचे तारे वीजबचतीचे. फ्रीझरच्या कप्प्याचे तारे वेगळे, ते माहितीपुस्तिकेत मिळतात: एक तारा म्हणजे उणे ६ अंश, दोन म्हणजे उणे १२, तीन म्हणजे उणे १८, आणि चार म्हणजे उणे १८ शिवाय ताजं सामान गोठवण्याची ताकद. सिंगल डोअर फ्रिजचा बर्फाचा कप्पा बऱ्याचदा एक-दोन ताऱ्यांचा असतो. बर्फ होतो म्हणून त्यात मासे चार महिने टिकतील असं समजू नये.

रानजाई, मला एकच माहिती हवी आहे. शेजाऱ्यांकडून सामान परत आणाल तेव्हा प्रत्येक पाकीट किती दिवसांपूर्वी ठेवलं होतं ते लिहून काढा. त्यावरून उत्तर मिळेल.

शेवग्याची_शेंग

साइड बाय साइडबद्दल: आमच्याकडे आहे. लिटरचा आकडा मोठा, पण फ्रीझरचा भाग उंच आणि अरुंद. परात बसत नाही, मोदकांचं ताट आडवं ठेवता येत नाही. गणपतीच्या आधी उकडीचे मोदक ताटात सुटे गोठवायचे असतात, ते शेवटी बहिणीकडे नेऊन गोठवले. दुकानात जाताना घरचं रोजचं ताट सोबत न्या आणि आत ठेवून बघा. संकोच करू नका.

नागपुरी_ऊन

पश्चिमेच्या बाल्कनीत फ्रीझर ठेवू नका, कळकळीने सांगतोय. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. प्रत्येक फ्रिजच्या मागच्या पट्टीवर क्लायमेट क्लास लिहिलेला असतो. एन म्हणजे बाहेरचं तापमान ३२ अंशांपर्यंत, एसटी म्हणजे ३८, टी म्हणजे ४३. टी नसेल तर आमच्याकडे घेण्यात अर्थच नाही, आणि पुण्यातही पश्चिमेच्या उन्हात तापलेला पत्रा सावलीतल्या हवेपेक्षा खूप जास्त गरम होतो. आमचा पहिला फ्रीझर गॅलरीत होता. दुपारी बारा ते रात्री आठ कॉम्प्रेसर एकदाही थांबत नसे. तिसऱ्या उन्हाळ्यात गेला. दुसरा घेतला तो देवघराच्या शेजारी बोळात ठेवला, भिंतीपासून वीतभर अंतर सोडून. तो अजून उत्तम चालू आहे.

पावसाचे शिंतोडे हा पुण्यात आणखी एक प्रश्न. तळाचा पत्रा गंजतो.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. नागपुरी_ऊन, बाल्कनीचा विचार सोडला. स्वयंपाकघर आणि हॉलच्या मधल्या पॅसेजमध्ये शू रॅक आहे, तो हलवला तर ६० सेंटिमीटर रुंद जागा निघते. झाकण उघडायला वर काही अडत नाही, टेप लावून पाहिलं.

वीजबिलाची काळजी वाटते. आमचं बिल २८० युनिटच्या आसपास असतं. फ्रीझर आला तर ३०० ची रेषा ओलांडणार, मग सगळेच युनिट वरच्या दराने लागतील ना?

तारयंत्र

नाही. महावितरणचे टप्पे चढते असतात. पहिले १०० युनिट पहिल्या दराने, १०१ ते ३०० दुसऱ्या दराने, आणि ३०० च्या वर जेवढे जातील तेवढेच तिसऱ्या दराने. तुम्ही ३०४ वर गेलात तर फक्त चार युनिट महाग पडतील.

माझ्या घरच्या १०० लिटरच्या फ्रीझरला मी प्लगमध्ये लावायचा मीटर जोडून मोजलं आहे. मे महिन्यात दिवसाला ०.९ युनिट, डिसेंबरात ०.७. म्हणजे महिन्याला २१ ते २७ युनिट. दुसरीकडे तुमचा सतरा वर्षांचा फ्रिज जाऊन नवा इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा (गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणारा) येणार आहे, तिथे जी बचत होईल तीही धरा. फ्रीझर घेताना त्यावरही वीजबचतीच्या ताऱ्यांचं लेबल आहे का बघा. २०२० पासून डीप फ्रीझरसाठीही ती योजना आहे.

पैलतीर

मी मिनेसोटात राहतो. इथली एक गोष्ट सांगतो. भारतात ती लागू होणार नाही, पण धागा वाचणारे परदेशातले लोकही असतील.

इथे बहुतेक घरांत गॅरेजमध्ये दुसरा फ्रिज असतो. आम्हीही जुना कॉम्बाइंड (वर फ्रीझर, खाली फ्रिज असा एकत्र) फ्रिज गॅरेजमध्ये हलवला. जानेवारीत बाहेर उणे २० आणि गॅरेजमध्ये शून्याच्या थोडं वर. एके दिवशी पुरणपोळ्यांची थप्पी काढायला गेलो तर वरच्या फ्रीझरमधल्या पोळ्या मऊ, खालचं चिकन पाणी सुटलेलं. बाहेर हाडं गोठवणारी थंडी आणि फ्रीझरमधलं सामान वितळलेलं! आईने येताना बांधून दिलेल्या पोळ्या होत्या त्या. फार हळहळलो.

कारण नंतर कळलं. तारयंत्र यांनी लिहिलंय तसा दोन्ही भागांचा कारभार एका कॉम्प्रेसरवर, आणि तापमान बघून कॉम्प्रेसर चालू-बंद करणारा थर्मोस्टॅट खालच्या फ्रिजच्या भागात. गॅरेजच गार, त्यामुळे खालचा भाग आपोआप चार अंशांच्या खाली. थर्मोस्टॅटला वाटतं काम झालं, कॉम्प्रेसर सुरूच होत नाही. फ्रीझरला मात्र उणे १८ हवं असतं, त्याचं कोणी ऐकत नाही. आता तिथे स्वतंत्र चेस्ट फ्रीझर (वरून उघडणारा) ठेवलाय, गॅरेजमध्ये चालेल असं लिहिलेला. दोन हिवाळे झाले, काही तक्रार नाही. युरोपातल्या मित्रांनीही तळघरात किंवा गॅरेजमध्ये कॉम्बाइंड ठेवण्याआधी क्लायमेट क्लासचा खालचा आकडा बघावा. एन आणि एसटी १६ अंशांच्या वरच चालतात, एसएन हा आणखी एक क्लास खाली १० अंशांपर्यंत चालतो.

मधुमालती

छोटीशी सूचना, पण महत्त्वाची. घरात कोणी इन्सुलिन घेत असेल तर फ्रॉस्ट फ्री फ्रिजमध्ये गार हवा जिथून येते त्या झडपेसमोर ते ठेवू नका. इन्सुलिन २ ते ८ अंशांत राहायला हवं, एकदा गोठलं की निकामी होतं, वितळवून वापरता येत नाही. माझ्या वडिलांची पेनं मागच्या भिंतीला लागून ठेवली होती, ती गोठली. तेव्हापासून दाराच्या मधल्या कप्प्यात एका डब्यात ठेवते. फ्रीझर वेगळा असला की फ्रिजचं तापमान निवांत चारवर ठेवता येतं, वरच्या भागातले मासे कडक राहावेत म्हणून कळ जास्त गारकडे फिरवावी लागत नाही. आमच्याकडे नेमकं तेच झालं होतं.

दाभोळखाडी

दोन्ही पर्यायांत वीज गेली तर काय, हे कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा मी दापोली तालुक्यात आमच्या वाडीतच होतो. माड आडवे झाले, विजेचे खांब आडवे झाले. आमच्याकडे तीन आठवडे वीज नव्हती. आईने मे महिन्यात भरलेला २०० लिटरचा फ्रीझर होता. गच्च भरलेला फ्रीझर झाकण न उघडता साधारण दोन दिवस धरतो, अर्धा भरलेला एक दिवस. फ्रिजचा खालचा भाग चार तासांच्या पुढे धरवत नाही. आम्हाला ते माहीत होतं, म्हणून पहिल्या दिवशी कोणीही झाकण उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आईने फ्रीझर उघडला आणि सगळ्या वाडीला हाक मारली. अंगणात तीन दगडांच्या चुलीवर मोठं टोप चढवलं. सुरमई, कोळंबी, मोरी, सगळं एकाच दिवशी शिजलं. चाळीस-पन्नास माणसं जेवली. निम्म्या घरांवर कौलं नव्हती. आमरस पोरांनी वाट्या-वाट्यांनी संपवला. आईला सामान गेल्याचं दुःख नव्हतं, त्या दिवशी कोणी उपाशी राहिलं नाही याचंच तिला बरं वाटत होतं.

एक युक्ती देतो. छोट्या वाटीत पाणी गोठवा आणि त्या बर्फावर एक नाणं ठेवून वाटी फ्रीझरमध्येच राहू द्या. गावाहून परत आलात आणि नाणं बर्फाच्या आत बुडालेलं दिसलं तर मध्ये वीज जाऊन सगळं वितळून पुन्हा गोठलेलं आहे. ते मासे खाऊ नका.

वहिवाट

दाभोळखाडी, वाचताना डोळे भरून आले.

रानजाई

तारयंत्र, तुम्ही सांगितलंत तसं केलं. काल तिन्ही घरांत जाऊन पाकिटं मोजली. एकूण ३१. त्यातली २२ एक महिन्याहून जुनी. मटाराची सात, सगळी जानेवारीतली, आणि तुम्ही लिहिलेला तो भुरभुरीत बर्फ प्रत्येकात. मी आजवर समजत होते की पिशवी नीट बंद झाली नाही म्हणून आत ओल गेली. खोबऱ्याची पाच, त्यातलं एक उघडून चाखलं तर गोडवाच गेला होता. आमरस मागच्या वर्षीचा दोन पाकिटं. काजूगर नवे. आणि ज्या नऊ वस्तू ताज्या होत्या त्या म्हणजे बर्फाचा ट्रे, आइस्क्रीम, मुलांचे पराठे असल्या.

म्हणजे आमचं काम खरोखर दोन वेगळ्या प्रकारचं आहे. रोजच्यासाठी छोटा कप्पा पुरतो, हंगामाचं सामान वेगळ्या जागी हवं.

पण एक अडचण उरली आहे. सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत, उंची कमी, कंबर दुखते. फ्रीझरमधलं काढणं-ठेवणं त्यांच्याच हातात असतं आणि त्यांना ते आवडतं. वाकून तळापर्यंत हात घालणं त्यांना जमणार नाही. तो मान त्यांच्याकडून काढून घ्यायचा नाहीये मला.

खवणी

अगं, हे फार चांगलं लिहिलंस. माझ्या आईसाठी आम्ही असं केलं: १०० लिटरचाच घेतला, तो फार खोल नसतो. आत जाळीच्या टोपल्या मिळतात त्या दोन थरांत लावल्या. खालच्या थरात जे ऑगस्टनंतर लागणार ते, वरच्या टोपल्यांत या महिन्याचं. महिन्यातून एकदा मी खालचं वर आणून देते, रोजचं आई बघते. झाकणाला आतून नाही, बाहेरून वही बांधली आहे. ठेवलं की लिहायचं, काढलं की खोडायचं. वहिवाट म्हणतात तसं दोन वर्षांचं काही निघत नाही मग.

आणि रुंद तोंडाच्या डब्यांपेक्षा चपटी पाकिटं कर. आमरस पिशवीत घालून ताटावर आडवा गोठव, पाटीसारखा होतो. मग पुस्तकांसारखी उभी लावायची. आईला कणा दिसतो, त्यावर मार्करने मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं.

तारयंत्र

उभा, दाराचा फ्रीझरही मिळतो, ड्रॉवर असलेला. कंबरेसाठी तो सोयीचा. पण दार उघडलं की गार हवा पायांवर ओतली जाते, आणि तेवढ्याच लिटरला महाग पडतो. खवणी यांची टोपल्यांची पद्धत तुम्हाला जास्त जमेल असं वाटतं.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. आणल्यावर लगेच चालू करू नका, आडवा झोपवून आणला असेल तर काही तास उभा राहू द्या. आणि पहिल्या दिवशी रिकामाच चालवा. पुस्तिकेत २४ तासांत किती किलो ताजं सामान गोठवू शकतो ते दिलेलं असतं. आमरसाच्या दिवशी २० किलो एकदम टाकलात तर गोठायला दोन दिवस लागतील. गोठणं जितकं सावकाश तितके बर्फाचे स्फटिक मोठे, आणि तेवढा तंतू फाटतो. मग वितळल्यावर सुरमई पाणी सोडते. दोन-तीन दिवसांत विभागून भरा.

मटारही पुढच्या वर्षी उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटं घालून लगेच बर्फाच्या पाण्यात टाका, निथळून कोरडे करा आणि मगच भरा. कच्चे भरले की दाण्यातली विकरं (एन्झाइम) गारव्यातही हळूहळू काम करत राहतात, रंग आणि चव जाते.

नागपुरी_ऊन

बर्फ काढताना सुरी लावू नका, एवढं माझ्याकडून. माझ्या वहिनीने सिंगल डोअरच्या कप्प्यातला बर्फ सुरीने खरवडला, एक बारीक "फुस्स" आवाज आला आणि गॅस गेला. ती कितीतरी दिवस स्वतःला दोष देत होती. गरम पाण्याचं पातेलं आत ठेवा, अर्ध्या तासात बर्फाचे पापुद्रे आपोआप सुटतात.

रानजाई

तीन आठवडे झाले, म्हणून कळवते.

२५३ लिटरचा डबल डोअर आणि १०० लिटरचा डीप फ्रीझर घेतला. दोन्ही मिळून ४४ हजारांत बसलं. घरचं ताट घेऊन गेले होते, दुकानदाराने स्वतः आत ठेवून दाखवलं. फ्रीझर पॅसेजमध्ये चार इंचांच्या लाकडी पाटावर ठेवलाय, त्यामुळे सासूबाईंना आणखी थोडं कमी वाकावं लागतं. रात्री कॉम्प्रेसरचा हलका आवाज हॉलमध्ये येतो, दोन दिवसांत सवय झाली.

परवा दोन पेट्या हापूस आला. सकाळी सासूबाईंनी आंबे पिळले, मी पिशव्या भरल्या, धाकट्याने मार्करने तारखा घातल्या. ताटांवर आडव्या ठेवून रात्री सहा, काल सहा, आज चार. आज दुपारी पहिल्या सहा पाट्या उभ्या लावल्या तेव्हा सासूबाईंनी एक हातात घेऊन उजेडात धरली. आत एकही पांढरा कण नव्हता. म्हणाल्या, "ह्यो रस दिवाळीपर्यंत ऱ्हवतलो."

वही झाकणाला बांधली आहे. नाण्याची वाटीही ठेवली आहे. सुरमईसाठी खालची डावी टोपली रिकामी सोडली आहे, पुढच्या रविवारी आणू.

खवणी

आमरसाच्या पाट्या काजूगरांना चिकटवून लावू नकोस, मध्ये पुठ्ठा घाल. दोन्ही एकदम निघतात आणि मग वेगळे करताना पिशवी फाटते. सुरमई आणलीस की धुतल्यावर फडक्याने अगदी कोरडी टिपून मगच भर.

रानजाई

पुठ्ठा आत्ताच घातला.